तो बॉक्स मी बनवला होता

दादा,

आधी 'प्रिय दादा' लिहिलं होतं. मग ते पान फाडलं आणि दुसरं घेतलं. तू गेल्यावर माझा राग निवेल असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही वाटत होतं. नाही निवला. गेल्या रविवारपासून तर जास्तच पेटलाय, म्हणून लिहायला बसले आहे.

रविवारी तुझी स्मरणसभा झाली. तुला जाऊन दीड महिना झाला. सुप्याच्या कारखान्यातली पाळी संपवून कंपनीच्या बसमध्ये बसलास, आणि नगर यायच्या आत बसल्या जागी संपलास. कोणाला काही बोलायची संधी दिली नाहीस. तशी तू कधीच द्यायचा नाहीस म्हणा.

चर्चमध्ये समोर तुझा फोटो ठेवला होता. कशावर ठेवला होता, सांगू? गिटारच्या त्या स्पीकर बॉक्सवर. त्यावर पांढरं कापड, शेवंतीचा हार. पाळकसाहेब म्हणाले, "शमुवेलभाऊ गिटार तर वाजवायचेच, पण ज्या लाकडातून तो आवाज यायचा, तो बॉक्सही त्यांनी स्वतःच्या हातांनी घडवला." लोकांनी माना डोलावल्या. मग साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बहिणीनं दोन शब्द बोलावेत."

मी चांगलं बोलायचं ठरवूनच गेले होते. कागदावर लिहून नेलं होतं. उठले, आणि कागद उघडलाच नाही. म्हणाले, "तो बॉक्स दादानं नाही बनवला. मी बनवलाय." आणि खाली बसले.

मागे कोणीतरी खाकरलं. गाणाऱ्या मंडळीतले म्हातारे मोझेसकाका उठून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, दुःखात मानसाला आपन काय बोलतो ते कळत न्हाई. पानी पी जरा." बाहेर पायरीवर मंगलवहिनीनं गाठलं. "आजच बोलायचं हुतं का तुला? आत्ता कुठं मातीत ठेवलंय त्यांना."

म्हणजे बघ, मी एक वाक्य खरं बोलले तर ते दुःखातलं बरळणं झालं. आणि तू अठरा वर्षं खोटं बोललास, त्याला हार घातला.

तुला आठवतं का रे, कसा बनला तो बॉक्स? की सांगून सांगून तुझं तुलाच खरं वाटायला लागलं होतं?

तू पुण्याहून एक जुना अ‍ॅम्प आणि एक सुटा बारा इंची स्पीकर घेऊन आलास. स्पीकर टेबलावर उताणा ठेवून गिटार छेडलीस, तर पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावं तसा आवाज आला. तुझं तोंड एवढंसं झालं. बाबा कॉटवर होते. त्यांचा उजवा हात लुळा पडून वर्ष झालं होतं. ते म्हणाले, "त्याला खोकं लागतं. घट्ट, चारी बाजूंनी बंद." तू माझ्याकडे पाहिलंस. स्वतःच्या हातांकडे नाही पाहिलंस.

कारण वर्कशॉपमध्ये तू कधी टिकलाच नाहीस. भुसा नाकात जातो म्हणून सोळाव्या वर्षी बाहेर पडलास. बाबांबरोबर शनिशिंगणापूरला दुकानांच्या फळ्या बसवायला मी जायची. "इथं दाराचं काम मिळायचं न्हाई, फळ्याच मारायच्या," असं म्हणून बाबा दर वेळी हसायचे. रंधा कसा धरायचा, पटाशीला धार कशी लावायची, काटकोनाचा गुण्या लावल्याशिवाय कोपऱ्यावर विश्वास का ठेवायचा नाही, हे त्यांनी मला शिकवलं. आधी तुला शिकवायचा प्रयत्न केला होता, हेही खरं.

लाकूड तू आणलंस. सुप्याला कंपनीत परदेशी यंत्रं यायची, त्यांची पाइनची खोकी मोडून मागच्या अंगाला पडलेली असायची. साहेबाला विचारून तू टेम्पोत घालून आणलीस. ते श्रेय तुझं. मी ते कधी नाकारलं नाही आणि आत्ताही नाकारत नाही. श्रेय कसं द्यायचं असतं ते दाखवायला मुद्दाम लिहितेय.

पुढचं सगळं माझं. खिळे उपसले, फळ्या रंधल्या, दोन दोन जोडून रुंद केल्या. कोपऱ्यांना खिळा मारायचा नाही, असा बाबांचा हुकूम होता, म्हणून फळ्यांच्या टोकांना दात पाडून एकमेकांत बसवले. एक कोपरा तीनदा केला. स्पीकरचं भोक पाडायला यंत्र नव्हतं. खिळा आणि दोरा घेऊन वर्तुळ आखलं, कडेनं भोकं पाडली आणि बारीक करवतीनं ते कापत बसले. तू ड्युटीवरून यायचास आणि विचारायचास, "झालं का?" बाकी काही नाही.

पहिल्यांदा वाजवला तेव्हा आत काहीतरी घरघरत होतं. तू सगळ्यात जाडी तार छेडत बसलास आणि मी एकेका फळीवर तळहात ठेवून बघत गेले. मागच्या फळीवर हात ठेवला की घरघर थांबायची. मी ती फळी काढली आणि आतून, पुढच्या आणि मागच्या फळीच्या मधे, बाभळीचा एक आधार बसवला. परत वाजवलंस. आवाज असा भरून आला की बाबांनी डाव्या हाताची बोटं कॉटच्या लोखंडावर वाजवली. तू म्हणालास, "रूथ, काय केलंस गं हे!"

त्या संध्याकाळी तू मला फार प्रिय होतास. हे लिहिलं नाही तर मीही तुझ्यासारखीच होईन.

मग नाताळचा कार्यक्रम आला. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. बॉक्समधून पहिला सूर आला तेव्हा माझे कान तापले होते, इतका आनंद झाला होता. गाणं संपल्यावर कोणीतरी बॉक्सबद्दल विचारलं आणि तू माइकवर म्हणालास, "हा मी स्वतः बनवलाय." टाळ्या पडल्या. तू माझ्याकडे बघितलंस आणि नजर काढून घेतलीस. म्हणजे तुला कळत होतं.

घरी येताना मी विचारलं, "खोटं का बोललास?"

"तुझ्यासाठीच बोललो."

"माझ्यासाठी?"

"संगमनेरचं स्थळ आलंय. ते लोक कार्यक्रमाला होते. काय सांगू त्यांना, पोरगी घरी रंधा मारती? लग्न झालं की सांगू सगळ्यांना."

मी गप्प बसले. तेवीस वर्षांची होते आणि तुझ्यावर विश्वास होता. त्यानंतर राहुरीच्या चर्चला तसाच बॉक्स हवा होता, मग श्रीरामपूरच्या. दोन्ही मीच बनवले, दार लावून. तू नेऊन दिलेस आणि कौतुक घेऊन आलास. तिसऱ्याला मी नाही म्हणाले, तर लोकांना सांगितलंस, "आता ड्युटीमुळे वेळ मिळत नाही." हे ऐकून मला हसू आलं होतं. आता येत नाही.

लग्न झालं. कुठे सांगितलंस? माझ्या नवऱ्याला, सुधीरला, मीच वर्षभरानं सांगितलं, घाबरत घाबरत. तो दूध संघातून दमून आला होता. म्हणाला, "मग आपण कपाट विकत का आणलं?" एवढंच. ज्याच्या भीतीनं तू माझं नाव पुसलंस, त्या माणसाला फक्त कपाटाचं वाईट वाटलं!

तरी मी तुला माफ केलं असतं. पण बाबा गेल्यावर ईस्टरला माहेरी आले तर वर्कशॉपमध्ये तुझी मोटरसायकल उभी. भिंतीवर हत्यारांच्या जागा रिकाम्या. बाबांचे रंधे, पटाश्या, करवती तू पोत्यात भरून वरच्या मजल्याचं काम करणाऱ्या ठेकेदाराला देऊन टाकल्या होत्यास. मी विचारलं तर म्हणालास, "तुला तिकडं कशाला लागतात?" दादा, सोळाव्या वर्षानंतर तू ती हत्यारं एकदाही हातात धरली नव्हतीस. मग ती देऊन टाकायचा हक्क तुझा कसा?

त्यानंतर आपण सणावारी बोलत राहिलो. बरं आहे का, बरं आहे. वर्षंच्या वर्षं.

आणि आता ते सांगते, जे मी सुधीरलाही सांगितलेलं नाही. जायच्या दोन आठवडे आधी तू फोन केला होतास. म्हणालास, "रूथ, बॉक्स परत घरघरतोय गं. काय करू?" आवाज मऊ होता तुझा. कदाचित पुढे आणखी काही बोलणार होतास. मी म्हणाले, "ज्यानं बनवला त्याला विचार," आणि फोन ठेवला. तू परत केला नाहीस. मीही नाही केला.

तेच आपलं शेवटचं बोलणं. त्याचाही मला तुझ्यावर राग आहे. दोन आठवडे होते तुझ्या हातात. अठरा वर्षांत एक वाक्य जमलं नाही तुला?

बुधवारी मंगलवहिनी संगमनेरला आली, एस. टी.नं, एकटी. मला वाटलं भांडायला आली. चहा दिला, तिनं तो बशीत ओतला. मग म्हणाली, "मला ठाऊक हुतं."

"काय?"

"बॉक्सचं. लग्नानंतर क्यालेंडरला खिळा ठोकायला सांगितला त्यांना. भिंतीचा पोपडा निघाला, अंगठा फुटला, खिळा न्हाई बसला. म्हनलं, ह्या मानसानं बॉक्स बनवला व्हय?"

"मग रविवारी मला का बोललात?"

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "नवरा गेलाय माझा. समद्यांसमोर खोटारडा म्हनून जाऊ द्यायचा हुता का? तू भाऊ म्हनून भांडशील. माझं काय?"

तिला मी कधी मोजलंच नव्हतं या सगळ्यात. तुझं खोटं तीही सांभाळत होती, आणि तिला तर त्यात टाळ्याही नव्हत्या. आम्ही दोघी रडलो. तुझ्यासाठी किती आणि तुझ्या नावानं किती, ते मला वेगळं काढता येणार नाही.

जाताना ती म्हणाली, "चर्चमधल्या त्या एस्तेरला पुढल्या रविवारी वाजवायचंय. कालिजात जाती, गुनाची पोर हाय. बॉक्स लई घरघरतो म्हनती. मी तिला सांगितलंय, बनवनारीला बोलावते." बनवणारीला, असं म्हणाली. पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं.

मी जाणार आहे. संगमनेरच्या बाजारातून एक रंधा आणि दोन पटाश्या आणल्यात. मागची फळी काढीन, सुटलेला आधार नीट बसवीन. ते तुझ्यासाठी नाही, त्या पोरीसाठी आणि लाकडासाठी. कोणी विचारलं तर सांगीन की लाकूड माझ्या भावानं आणलं, काम मी केलं, आणि तो आयुष्यभर याबाबत खोटं बोलला. हे तिन्ही सांगीन, एकही गाळणार नाही. वहिनीसमोर शेवटचं जरा हळू सांगीन.

माफ केलंय असं मात्र लिहिणार नाही. ते तू विचारायचं होतंस, फोनवर, मी ठेवायच्या आधी. पुन्हा कोणाचा फोन असा ठेवणार नाही, हा शब्द देते. तुला द्यायला उशीर झाला, तो उशीर आपल्या दोघांचा.

तुझी धाकटी बहीण,
रूथ
सुतारकाम करणारी