माशांच्या टाकीचा स्टँड

पेडणे

प्रिय प्रज्योत,

पाकीट बघून घाबरू नकोस. माझी तब्येत बरी आहे आणि घरही जागेवर आहे. फोनवर आपण रोज बोलतो, पण तू 'जेवलीस का' विचारतोस, मी 'सूनबाई कशी आहे' विचारते, तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू होते. मला सांगायचंय ते जरा लांबलचक आहे आणि त्याची सुरुवात सुतारकामापासून होते, म्हणून कागद घेतला.

तर, तुझ्या आईने लाकडाचा स्टँड बनवला. माशांच्या टाकीचा. एकटीने नव्हे, गोकुळदासांबरोबर. हे गोकुळदास हरमलचे, वीज खात्यात लाइनमन होते, आता निवृत्त झालेत. गेल्या वर्षी ते माझ्या शिलाईच्या दुकानात पिशवीभर साड्या घेऊन आले. त्यांच्या बायकोच्या, सुलोचनाबाईंच्या. त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन मुलींसाठी दोन गोधड्या हव्या होत्या. कात्री लावण्याआधी मी एकेक साडी उलगडून दाखवायची आणि ते ती कुठे घेतली, कधी नेसली ते सांगत बसायचे. गोधड्या मुलींकडे गेल्या, तरी बँकेच्या कामाला पेडण्यात आले की ते दुकानात डोकावतातच. कधी हातात ताजे बांगडे असतात, कधी काहीच नसतं.

त्यांच्याकडे एक मोठी काचेची टाकी आहे. भावाने घरातल्या सगळ्या खोल्या टुरिस्टांना द्यायला काढल्या, तेव्हा टाकीला जागा उरली नाही. मासे बादल्यांत आले होते. मी म्हटलं, आमच्या ओसरीत ठेवा. म्हापशाच्या दुकानात तयार स्टँडची किंमत ऐकली आणि आम्ही दोघंही हसत बाहेर पडलो. लोखंडी स्टँड स्वस्त होता, पण टाकीतलं पाणी सांडून सांडून तो गंजणार, हे दिसतच होतं. मग मला गोठा आठवला. तो पाडला तेव्हाचे फणसाचे वासे परसात पत्र्याखाली रचून ठेवले होते. आत चांगले टणक, पिवळेधमक. विठ्ठल मेस्त सुताराने त्याच्या मशीनवर ते चिरून, रंधा मारून दिले. पुढचं सगळं आम्ही केलं.

माशांना एवढं भक्कम काय लागतं, हेच मला आधी कळेना. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, असं ते म्हणाले, तेव्हा मी टेप घेऊन टाकी मापली आणि फरशीवर खडूने गुणाकार केला. त्यात काच, वाळू, दगड मिळवले. म्हणजे चार धडधाकट माणसं एका मेजावर चढून उभी राहायची आणि कधी उतरायचीच नाहीत! त्या दिवसापासून मला नादच लागला. कुठेही गेले की मी टेबलाखाली वाकून बघते. देवळातल्या चौरंगाच्या खालीसुद्धा बघितलं, भटजींना वाटलं माझं काही पडलं.

पहिला स्टँड फसला. गोकुळदासांनी आडव्या पट्ट्या पायांच्या बाजूला स्क्रूने जोडल्या होत्या. मी विचारलं, म्हणजे सगळा भार स्क्रूवरच ना? ते म्हणाले, "मोठे स्क्रू आसत गो, काय होऊचा नाय." एरवी ते मला वत्सलाबाई म्हणतात. तो 'गो' माझ्या कानाने लगेच टिपला. टाकी ठेवण्याआधी वजन घालून बघू, असा हट्ट मात्र मी धरला. तांदळाच्या गोणी ठेवल्या, पाण्याच्या कळशा ठेवल्या. स्टँड थोडा डुलला, एका बाजूला कलला आणि सगळं ओसरीभर झालं. शेजारच्या कोंबड्यांची चंगळ झाली. आम्ही तांदूळ गोळा करत इतके हसलो, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शेवटचं एवढं कधी हसले होते, ते आठवूनही आठवेना.

दुसऱ्या वेळी मी शिवणाच्या हिशेबाने विचार केला. जड कपड्याचा भार खांद्यावर बसायला हवा, तो शिवणीवर आला की टाके उसवतात. म्हणून वरची चौकट थेट पायांच्या डोक्यावर बसवली. लाकडावर लाकूड, आणि खाली जमीन. स्क्रूने फक्त ते जागच्या जागी धरून ठेवायचं. मागे प्लायवूड ठोकलं, तसं त्याचं डुलणं थांबलं. वाळवी लागू नये म्हणून पायांना खालून काजूच्या टरफलांचं तेल लावलं. ते हाताला लागलं तर कातडी सोलते, म्हणून ते काम त्यांनी मला करू दिलं नाही. पुन्हा गोणी चढवल्या. स्टँड हलला नाही. मी स्वतः वर चढून बसले, तरी हलला नाही.

मग वर ताटलीत पाणी ठेवून बघितलं, तर ते एका कडेला धावलं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून ओसरीला उतार आहे, हे इतकी वर्षं राहून मला ठाऊक नव्हतं. स्टँड घरात न्यायला हवा होता. ऊन न लागणारी, सपाट जागा एकच निघाली, तुझ्या बाबांच्या फोटोखालची. गोकुळदास दारातच थांबले. म्हणाले, "थंय नको. दुसरी जागा बघूया." मी फोटोतल्या पांडुरंगाकडे बघितलं. तू सातवीत होतास, तेव्हा डिचोलीहून खाणीच्या ट्रकवर गेलेला तो माणूस जिवंत परत आला नाही. त्याच्यामागे मी ही भिंत कधी रंगवलीही नव्हती. मी म्हटलं, पांडुरंगाला मासे फार आवडायचे, ताटातले. इथेच ठेवा.

थर्माकोलची पट्टी घालून वर टाकी बसवली. पाणी सोडण्याआधी ते म्हणाले, एकदा भरली की सारखी हलवता येणार नाही, नीट विचार करा. आणि मग, माझ्याकडे न बघता, "वत्सला, मी पण हंयच रवलंय तर?" इथेच राहण्याचं असं कुणी विचारलं तर मला लाज वाटेल, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. पुढे कसं होईल, सकाळी दोन कप चहा करताना कसं वाटेल, याची उत्सुकताच जास्त वाटली. मी पाइप त्यांच्या हातात दिला आणि नळ सोडला. टाकी भरल्यावर तोंडानेही हो म्हटलं.

परवा तुझी संजनाआत्या आली. टाकीसमोर उभी राहून म्हणाली, "वहिनी, हे मासे कोणाचे?" मी म्हटलं, घरातले. ती चहा न घेता गेली. म्हणजे आता गावभर होईल, आणि दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. चतुर्थी झाली की आम्ही इथेच पेडण्याला रजिस्टर लग्न करणार आहोत. आडनाव मी तुझ्या बाबांचंच ठेवणार. गोकुळदासांना तसं सांगितलं, तर म्हणाले, दुकानाचा बोर्ड पुन्हा रंगवायचा खर्च वाचला. मी तुझी परवानगी मागत नाही, प्रज्योत. पण साक्षीदार म्हणून पहिली सही तुझी असावी, असं मला फार वाटतं. राग आला असेल तर घरी येऊन माझ्या तोंडावर बोल, मी ऐकून घेईन. आनंद झाला असेल तरी येच. फक्त फोन करू नकोस. फोनवर तू पुन्हा 'जेवलीस का' विचारशील आणि मी 'हो' म्हणून मोकळी होईन.

तुझीच आई,
वत्सला