ढब्बूच्या पोटाविषयी मामांना खुलासा

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा साष्टांग आहे. जहाज कालपासून एका अंगावर कललंय, त्यामुळे लिहायला बसलं की आपोआप घडतो.) तुमचे गुडघे कसे आहेत? खोकला? घरात अजून तसाच गारठा आहे, की या खेपेला तरी खिडकीची फट बुजवलीत? आम्ही सगळे खुशाल आहोत. आई खुशाल आहे, फक्त बोलत नाही. बाबाही खुशाल आहेत, फक्त खाली उतरत नाहीत. जहाजाच्या फुग्यावर बसून उसवलेली शिवण घालताहेत.

तुमचं पत्र मिळालं. आमच्या भट्टीतल्या आगसरड्याला, म्हणजे ढब्बूला, लोखंडाच्या कारखान्यात धाडावं आणि त्याच्या जागी तुम्ही घडवलेला पितळी बॉयलर बसवावा, हा तुमचा विचार कळला. तुम्ही आईचे थोरले भाऊ, त्यात बॉयलरच्या कामात तुमचा हात धरणारं कोणी नाही, तेव्हा मी त्यावर एक अक्षरही काढणार नाही. त्या कारखान्यात आगसरड्यांना साखळीने बांधतात आणि कोणी त्यांना नावाने हाक मारत नाही, हेही मी लिहिणार नाही. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे. पण लोक राईचा पर्वत करतात, म्हणून कालची हकीकत माझ्याकडूनच कळलेली बरी.

आता तुम्हाला ठाऊकच आहे की आमचं जहाज उडतं वाफेवर, वाफ होते ढब्बूच्या फुंकरीने, आणि ढब्बू फुंकर घालतो कोळसा पोटात गेल्यावर. पण स्वारी पडली मानी. कोळसा पुढे केला की तोंड फिरवते. पुन्हा केला की डोळे मिटून घेते. तिसऱ्यांदा, घे रे राजा, माझ्यासाठी एवढा एक, असं म्हटलं की मग अशा थाटात खाते की जणू आपल्यावर उपकारच. (हे वळण त्याला आजीने लावलं. तुम्हीही तिच्याच हातचं जेवून मोठे झालात, आणि तुमच्या पोटाकडे पाहिल्यावर बाकीचं सांगायला नको.)

तर काल उड्डाण-तपासनीस आले. जिवंत विस्तव प्रवासी जहाजात ठेवावा की नाही, ते बघायला. (त्यांना कोणी कळवलं, असं आई विचारत होती. मी तुमचं नाव घेतलेलं नाही.) फेरी लहानशीच होती, गोदीपासून घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत. पण परक्या माणसापुढे वाफ कमी पडली तर शोभा व्हायची, म्हणून मी सकाळीच ढब्बूला आग्रह करकरून वाढलं. कोणाला बोलले नाही, कारण साहेब येणार म्हणून धावपळ केलेली दिसली की आई चिडते. मग आईने गुपचूप वाढलं. मग बाबांनी, कारण त्यांचा आम्हा दोघींवर भरवसा नाही. शेवटी तपासनीस भट्टीत डोकावले. ढब्बूने पाठ फिरवलेली पाहून त्या भल्या माणसाला तो उपाशी वाटला आणि त्यांनीही चिमट्याने बरेच घास भरवले. आमच्या घरात, जेवलास का, हे फक्त जेवणाऱ्यालाच विचारतात, आणि जेवणारा काही हो म्हणत नाही.

दोर सोडले आणि जहाज जे वर सुटलं, ते आधी कावळ्यांच्या वर गेलं, मग घारींच्या वर, आणि मग कोणाच्या वर गेलं ते सांगायला तिथे कोणी नव्हतं. एवढी वाफ सोडायची तर वाट एकच, भोंगा. आईने भोंग्याची साखळी ओढली आणि तिला लोंबकळलीच. खाली गिरणीला वाटलं पाळी संपली. शाळेला वाटलं सुट्टी झाली. बंदरावरच्या लोकांना वाटलं बोट सुटली, आणि ते जागच्या जागी उभ्या असलेल्या बोटीकडे जीव खाऊन धावले. गुरुजींनी पोरं गोळा करून वर्गात बसवावीत की पुन्हा भोंगा. (पोरांनी खालून मला जे मनापासून हात हलवले, तेवढं प्रेम माझ्यावर घरात कोणी केलेलं नाही.)

तुम्ही विचाराल, या सगळ्यात तपासनीस कुठे होते? नांगरावर. नांगर टाका, असा हुकूम त्यांनी दिला, पण हुकूम देणाऱ्याने दोरखंडातून पाय काढून घ्यावा हे काही त्यांना सुचलं नाही. नांगर गेला, पाठोपाठ तेही गेले, आणि दोघे मनोऱ्याच्या घड्याळाच्या मोठ्या काट्यात जाऊन अडकले. वरून जहाजाची ओढ, त्यामुळे काटा उलटा फिरू लागला. परिणामी आम्ही निघालो त्याच्याही आधी पोहोचलो. मनोऱ्याचं घड्याळ सरकारी, तेव्हा तपासनिसांनी काट्याला मिठी मारल्या मारल्याच ती वेळ मान्य केली. वेळेआधी आलेलं जहाज आपण जन्मात पहिल्यांदाच पाहिलं, असंही म्हणाले.

इथपर्यंत गंमत होती. मग ढब्बू विझला. आधी शेपटी काळी पडली, मग पाठ, आणि राखेत तोंड खुपसून तो निपचित पडला. मी हाका मारल्या, कोळसा पुढे केला. त्याने तोंडसुद्धा फिरवलं नाही. मामा, मी रडले. मोठ्याने रडले. मीच वाढवाढून मारलं त्याला, असं वाटलं. बाबांनी नुकतेच वर ओढून घेतलेले तपासनीस एका बुटावर लंगडत आले, माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी हातमोजा काढून राखेत हात घातला. "ऊब आहे गं अजून, पोरी," म्हणाले. मग तिथेच बसून राहिले. आज सकाळी ढब्बूच्या पाठीवर एवढासा लाल ठिपका दिसला, तेव्हा डोळे आधी त्यांनी पुसले.

तरीपण ते पडले नियमाचे. भट्टीबद्दल शेवटचा शब्द बॉयलरच्या जाणकाराचा, म्हणजे तुमचा. तुम्ही ठेवा म्हणालात तर ते ढब्बूला ठेवतील, काढा म्हणालात तर काढतील. मी मध्ये पडणार नाही. ढब्बू गुणी, शांत आणि खाण्यापिण्यात अगदी बेताचा आहे, एवढंच आपलं लिहून ठेवते.

तुमची भाची
(भट्टीवाली)

ता. क. भेटायला यायचं झालं तर गोदीवर जाऊ नका. आम्ही मनोऱ्याच्या टोकावर आहोत. जिना बराच आहे. गुडघ्यांची चौकशी मी उगाच केली नव्हती.

ता. क. दुसरा: बेताचा, हे वर लिहिलंय ते खोडून टाका. आगसरडा हेही खोडा, आगसरडी करा. आत्ताच राखेत तीन पिल्लं सापडली! एवढे दिवस ही बया चौघांचं खात होती आणि आम्ही आपले आग्रहाला दोष देत बसलो. आई आता बोलायला लागली आहे, आणि थांबत नाही. ती म्हणते, दादाला म्हणावं तुझा पितळी बॉयलर घेऊनच ये, पिल्लांना निजवायला आमची भट्टी पुरत नाही. झाकण मात्र आणू नका. त्यांना बाहेर बघायचं असतं.

ता. क. तिसरा: हे पत्र घेऊन आलेले, एकच बूट घातलेले गृहस्थ म्हणजेच तपासनीस. त्यांना दारात उभं करू नका. त्यांच्या हातातल्या डब्याला भोकं पाडली आहेत. त्यातून धूर येतोय तोवर काळजी नाही. पडद्यांपासून लांब ठेवा. आत सगळ्यात धाकटं आहे. ते एकटं असलं की विझायला लागतं, आणि आई म्हणते तुमचंही तसंच आहे. ढब्बूला ठेवायचं की कारखान्यात धाडायचं, हा निर्णय सर्वस्वी तुमचा. सविस्तर लिहून तपासनिसांच्याच हाती द्या. फक्त डबा आधी उघडा.