तुंपेंगचं टोक

मेनूथ, आयर्लंड, मंगळवार संध्याकाळ

आजच कशाला आली ही अंगारकी संकष्टी? उद्या आईचं नागपूरला परतायचं विमान, म्हणून माझ्या हाउसमेटने, इंडोनेशियाच्या रत्नाने, मुद्दाम तुंपेंग केलं. हळद घालून नारळाच्या दुधात शिजवलेला भात, भल्यामोठ्या मुदीसारखा, वर निमुळता. वरचं टोक कापून तिने आईपुढे धरलं. आई म्हणाली, "नको गं, उपवास आहे माझा." मी इंग्रजीत सांगितलं. "ग्रँड, ग्रँड," असं इथल्या लोकांसारखं, म्हणजे 'हरकत नाही', म्हणत रत्ना बशी घेऊन खोलीत गेली.

मागाहून भांडी विसळताना रत्ना मला म्हणाली, ते टोक घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला देतात. दरवर्षी ती तिच्या आईला द्यायची. ती आई हिवाळ्यात गेली. हिला अंत्यविधीलाही जाता आलं नाही. तेव्हासुद्धा मला ती रडताना दिसली नव्हती. मीच आधी का नाही विचारलं तिला?

आईला सांगितलं. जन्मात उपवास न मोडणारी बाई, चंद्रोदयाचं नावही न काढता उठली आणि रत्नाचं दार वाजवलं. "दे बाळा, खाते मी."

टोक गार, कडक झालेलं. आई सावकाश चावून खात होती, रत्ना तिच्या तोंडाकडे बघत होती. बशी रिकामी झाली तेव्हा कुठे रत्ना रडली.

आणि उद्या हीही आई जाणार.