बेडोकहून स्नोब्लोअर दुरुस्ती

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६. बेडोक, सिंगापूर. सकाळी ९.३०

रिटायर होऊन अडतीस दिवस. आज खरं काम मिळालं. मुलगी जाई आणि जावई चारुदत्तराव यांचा कॅनडातून, ओटावाहून व्हिडिओ कॉल. त्यांच्याकडे गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर आहे. थंडीत त्याच्या तोंडाला बर्फ उडवायचा स्नोब्लोअर जोडतात. त्याचा बेल्ट सारखा झिजतो, महिन्यात दोन गेले. लग्नाला पाच वर्षं झाली, जावयाने मला पहिल्यांदाच सल्ला विचारला. विचारला असं नाही, जाईशी बोलत होते. पण मला ऐकू येईल असं.

मी लगेच सूत्रं हातात घेतली. जुरोंग आयलंडवर, तेलाच्या कारखान्यांत, सव्वीस वर्षं काढली आहेत म्हटलं. बायकोने, सुलेखाने, किचनमधून सांगितलं की हे प्लँटमध्ये नव्हते, गेटपासच्या ऑफिसात होते. गरज नव्हती. पास कुणाला देत होतो? मेकॅनिकांनाच ना.

संकल्प: गुरुवारी तिकडे बर्फाचं वादळ आहे, त्याआधी मशीन चालू. जाईला पहाटे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पोचायचं असतं. घरापासून रस्त्यापर्यंत लांबलचक वाट. ती साफ झाली नाही तर गाडी निघत नाही.

सोमवार, ९

निदान झालं. बेल्ट ढिला आहे. फोटो हललाय, पण अनुभवी नजरेला पुरतो. ताण देणारी स्प्रिंग एक भोक पुढे ओढायला सांगितली. चारुदत्तराव म्हणाले, मॅन्युअलमध्ये आधी सगळ्या पुली हाताने फिरवून बघा असं लिहिलंय. मॅन्युअल नवशिक्यांसाठी असतं, असं त्यांना प्रेमाने समजावलं.

मंगळवार, १०

धूर आला. चांगली खूण. ताण पोचतोय. बेल्टची कड मात्र उसवली. आणखी एक भोक ओढा म्हटलं. "बघतो" म्हणाले. गुणी जावई.

बुधवार, ११

तिसरा बेल्ट तुटला. चूक कुणाची यात मला पडायचं नाही. चारुदत्तरावांची आहे. बेल्ट पुलीवर कसा चढवतात हे फोनवर सांगून कळत नाही, प्रात्यक्षिकच हवं. आपल्या वॉशिंग मशीनला मागे बेल्ट असतो. उद्या सुलेखा सेरंगूनला मैत्रिणीकडे गेली की झाकण काढायचं, बेल्ट काढायचा, परत लावायचा, व्हिडिओ पाठवायचा. वीस मिनिटं. पंचवीस धरू.

गुरुवार, १२. सकाळी १०.४०

बेल्ट निघाला. चार मिनिटांत! हातात कसब आहे, ते जात नाही.

दुपारी १.१५

बेल्ट लागत नाही. बाहेर काढल्यावर आखडला असावा. दमट हवा.

४.००

इकडून चढवला की तिकडून उतरतो. अंगठा सुजलाय. झाकण नुसतं टेकवून मशीन भिंतीला सरकवलं. बेल्ट जुन्या ऑफिसबॅगेत. सुलेखा आली, खूश दिसली. योग्य वेळ बघून सांगेन.

शुक्रवार, १३

योग्य वेळ सकाळी साडेसातलाच आली. सुलेखाने चादरी घातल्या. मशीन गुणगुणतं, ड्रम हलत नाही. ती म्हणाली, नऊ वर्षं झाली, थकलं असेल. मी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. रिपेअरवाल्याला फोन केला. चायनीज न्यू इयर आहे, तेवीसनंतर येईन म्हणाला.

शनिवार, १४

कपडे मी हाताने धुईन असं जाहीर केलं. उत्तम व्यायाम. दोन टॉवेल आणि एका जीन्सनंतर कंबर धरली. उरलेले सुलेखाने धुतले आणि खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातले. माझ्याकडे दोनदा बघितलं.

जाईचा फोन नाही. ओटावाच्या बातम्या लावल्या तर गाड्यांचे नुसते पांढरे ढीग. पोरगी कशी गेली असेल? मेसेज लिहिला, पुसला. जेवण गेलं नाही.

रविवार, १५. सकाळी १०.००

जाईचा कॉल. सगळं ठीक आहे. वादळाच्या आदल्या रात्री, म्हणजे इथे गुरुवारी सकाळी मी मशीन उघडत होतो तेव्हाच, तिने एकेक पुली हाताने फिरवून पाहिली. एक छोटी पुली जागची हलेना. तिचं बेअरिंग जाम झालेलं. पुली बदलली, नवा बेल्ट घातला, वीस मिनिटांत काम झालं. शेजारच्यांचीही वाट साफ करून दिली.

"बाबा, बेल्टचा दोष नव्हताच," ती म्हणाली. "अडकलेल्या पुलीवर घासून झिजत होता."

मी लक्षात आणून दिलं की स्प्रिंग ताणल्यामुळेच बेल्ट लवकर तुटला आणि खरा दोष सापडला. चारुदत्तराव हसले. पटलं असावं.

एवढ्यात सुलेखाने आमच्या मशीनचं गाऱ्हाणं सांगितलं. मागची बाजू दाखव, जाई म्हणाली. सुलेखाने मशीन ओढलं आणि झाकण आपोआप खाली पडलं. आत बेल्ट नाही. मी उठलो आणि ऑफिसबॅग आणून दिली.

कुणी रागावलं असतं तर परवडलं असतं. तिघंही हसत सुटली, सुलेखा तर खाली बसली.

११.१५

बेल्ट आधी मोठ्या चाकाला प्लास्टिकच्या केबल-टायने बांधायचा आणि चाक हळूहळू फिरवायचं, असं जाईने सांगितलं. मी बाह्या सरसावल्या.

"आई, तू कर," जाई म्हणाली. "बाबांना टॉर्च धरू दे."

सुलेखाने चाक फिरवलं. बेल्ट बसला. दीड मिनिट. आता चादरी फिरतायत.

टॉर्च मी जराही हलू दिला नाही.