शेरवानीत शिजलेला भात

लातूर,
२० एप्रिल १९८३

प्रिय मिनी,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र पाडव्याच्या आधीच मिळालं होतं. माझ्यासाठी वरची खोली रंगवून घेतलीस, खिडकीला पडदे शिवलेस, आणि 'वहिनी, त्या कोरड्या गावात एकटी काय करतेस, सामान बांध' असं दटावलंस. वाचून इतकं बरं वाटलं की दोन दिवस ते पत्र उशाशी ठेवलं होतं. उत्तर लिहायला बसले की मात्र काहीतरी काम आठवायचं. आज शेवटपर्यंत लिहिणार आहे. तुला एक विचारायचं आहे, आणि तुझ्या मनातून 'हो' आल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. पण ते थोडं थांबून. आधी इकडची खबर ऐक.

जिल्हा झाल्यापासून लातूरला भलता रुबाब आलाय. जिकडेतिकडे नव्या पाट्या, नव्या कचेऱ्या, साहेबांच्या जीपगाड्या. त्या जीपगाड्यांच्या धुळीत आम्ही बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत उभ्या. पाऊस गेल्या साली रुसला तो रुसलाच. तांदूळ धुतलेलं पाणी मी भांडी विसळायला घेते, आणि विसळलेलं कढीपत्त्याच्या बुडाशी ओतते. झाड हिरवंगार आहे, माझ्या साडीपेक्षा टवटवीत! रॉकेलची रांग तर पाण्याहून लांब. एक दिवस तासभर उन्हात उभी राहून रिकामा डबा घेऊन परत आले, आणि काय आठवावं? आपली हैदराबादची शाळा. सिस्टर आग्नेसची लाकडी पेटी!

आठवते ना? लढाईचे दिवस, कोळसा मोजून मिळायचा. सिस्टर भाताला उकळी आणायच्या, झाकण घट्ट बसवायच्या आणि पातेलं गवताने भरलेल्या पेटीत ठेवून वर उशी दाबायच्या. 'आता आग नको. चला प्रार्थनेला.' प्रार्थना, शिवण, भूगोल होईपर्यंत भात आपोआप शिजलेला असायचा. आणि एकदा तू मधेच पेटी उघडून बघितलीस म्हणून अख्ख्या वर्गाला कच्चा भात खावा लागला होता. शिक्षा मात्र मलाही झाली, तुझ्या शेजारी बसते म्हणून.

तर मी तशी पेटी केली. माळ्यावरची जुनी लाकडी पेटी पुसून घेतली. गवताच्या जागी कडबा भरणार होते, पण तो आणू कुठून? जनावरांना मिळेना, तो मी पेटीत कोंबू? चिंध्या भरल्या, फाटकी गोधडी भरली, तरी भांड्याभोवती जागा राहायचीच. ऊब टिकेना, डाळ अर्धकच्ची राहायची.

मिनी, मग मी कपाट उघडलं आणि तुझ्या दादांची काळी लोकरी शेरवानी काढली.

फाडली नाही हं, कात्रीसुद्धा लावली नाही. नुसती घडी करून भांड्याभोवती बसवली आणि दोन्ही बाह्या वरून वळवून घेतल्या. वाटलं होतं रडू येईल. आलं हसू. जन्मभर ज्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही, ते आता सकाळपासून भाताला कवटाळून बसलेत! डाळ रात्री भिजत घालते, सकाळी चांगली उकळू देते, झाकण लावून पेटीत ठेवते. दुपारी उघडावी तर मेणासारखी मऊ. आठवड्याचं रॉकेल आता पंधरवडा पुरतं. भांडी करपत नाहीत, म्हणून घासायला पाणीही कमी. आमच्या भांडीवाल्या धुरपताबाई तर खूश आहेत. त्यांनी घरी टोपलीत गोधडी कोंबून स्वतःची पेटी केली, आता गल्लीत दर दोन घरांआड एक आहे.

आता रेणुकादासरावांविषयी. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. ते आमच्या मागच्या घरात राहतात. छोट्या रुळाच्या आगगाडीवर गार्ड होते, आता पेन्शनीत. त्यांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली, मुलंबाळं नाहीत. रोज अकराच्या सुमारास भिंतीपलीकडून करपलेल्या डाळीचा वास यायचा. एक दिवस न राहवून मी भिंतीवरून म्हटलं, 'तुमची डाळ माझ्या पातेल्यात टाका. तेवढ्याच आगीत दोघांचं होईल.' तेव्हापासून त्यांचा स्टोव्ह गार आहे. संध्याकाळी त्यांच्याकडचा दिवाही बंद असतो. माझ्या ओसरीतल्या दिव्याखाली येऊन ते मोठ्यानं पेपर वाचतात, मी तांदूळ निवडते. विजेचं बिल निम्म्यावर आलं, असं ते सगळ्यांना सांगत सुटलेत.

धुरपताबाईंच्या तोंडाला काही कुलूप नाही.
'बाई, ती पेटी जरा नजरंआड ठिवा. गार्डसायब दिसाला तीनदा येऊन बगायलेत.'
'डाळ शिजली का ते बघतात हो.'
'हाव, डाळच बगत असतीन. म्या कुठं काय म्हन्लं?'

फाल्गुनात एका संध्याकाळी त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.
'विनीताबाई, रॉकेल वाचलं, वीज वाचली. मग ही दोन बिऱ्हाडं कशाला ठेवायची?'
मी म्हटलं, 'तुमचा स्टोव्ह विकून टाका की.'
'स्टोव्हचं नाही म्हणून राहिलो मी.'
मी तांदळातला खडा शोधत बसले. खडा नव्हताच.
'एकाच गाडीनं जाता येत असताना रुळावर दोन गाड्या कशाला सोडायच्या, असं म्हणून राहिलो,' ते म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले. पंचावन्नाव्या वर्षी मला शाळकरी पोरीसारखं फिदीफिदी हसू आलं. थांबेचना. बिचारे घाबरले, मी रागावले असं वाटून उठून निघाले. मी म्हटलं, 'बसा हो. पेपर पुरा करा.'

तू हे कुणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐकावंस, म्हणून सगळं लिहिते आहे. मी त्यांना शेरवानीचं सांगितलं. ते उठून पेटीपाशी गेले, झाकणावर हात ठेवला. मग म्हणाले, 'त्या माणसाच्या उबेवर आपण जेवून राहिलो. ते नाहीत, तर त्यांच्या बहिणीला विचारा. त्यांनी नको म्हटलं तर मी आपला स्टोव्ह पुन्हा पेटवीन, कुणावर राग धरणार नाही.'

काल आम्ही लग्नाच्या नोंदणीची नोटीस द्यायला गेलो. पूर्वी उस्मानाबादची खेप पडली असती, आता कचेरी इथंच. नव्या खुर्च्यांना गुंडाळलेले कागदसुद्धा अजून काढलेले नाहीत. कारकून मान वर न करता म्हणाला, 'आजोबा, नवरा-नवरीला आणावं लागतंय.' हे म्हणाले, 'तुमच्या म्होरंच उभी आहेत की!' त्या पोराच्या हातातला टाक खाली पडला. मग त्यानंच धावत जाऊन माझ्यासाठी खुर्ची आणली, आणि चहासुद्धा.

महिनाभर थांबायचं असतं. त्या मुदतीत कुणाची हरकत असेल तर घेता येते. साहेबांनी विचारलं, 'बाई, हरकत घेणारं कुणी आहे का?' मी म्हटलं, 'एकच आहे, नांदेडला.'

मिनी, माझं माहेर तर केव्हाच संपलं. सासर म्हणजे तू. शाळेत माझ्या बाकावर बसलीस आणि तूच मला तुमच्या घरात आणलंस. तुझे दादा शेवटच्या आजारात मला म्हणाले होते, 'हसत राहा.' सहा वर्षं ते जमलं नाही. आता जमतंय, आणि याचीच तुला लाज वाटेल का, ही मला भीती. तुला नको असेल तर नुसतं 'नको' लिही, कारण देऊ नकोस. मी नोटीस मागं घेईन.

आणि नको नसेल तर ये. मांडव नाही, रोषणाई नाही, पंगती नाहीत. दुष्काळात कुणाच्या वाटचं पाणी सांडायचं नाही, असं आमचं ठरलंय. पेटीत भात, डाळ, थोडा शिरा. येताना अर्धापूरची केळी आण. नोंदीला तीन साक्षीदार लागतात. एक धुरपताबाई, अंगठा द्यायला हटून बसल्यात. दुसरे रेणुकादासरावांच्या गाडीवरचे जुने सोबती. तिसऱ्या सहीची जागा मी कुणाला दिलेली नाही.

वरच्या खोलीला पडदे राहू देत. येऊ ना आम्ही दोघं, तू बोलावलंस तर.

उद्यापासून पोस्टमनची वाट बघते.

कुणाचीही झाले तरी तुझी वहिनीच,
विनीता