मूळ पावती

रास तनुरा,
शुक्रवार, १० नोव्हेंबर १९७८

प्रिय धोंडीभाऊ यांस,

हरीशचा सप्रेम नमस्कार. तुम्ही गुहागरला सुखरूप पोचल्याचं मुंबईच्या एजंटाच्या माणसाकडून कळलं. बरं वाटलं. शेवंतावहिनींना आणि मुलांना माझा नमस्कार व आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. थंडी पडायला लागली, त्यामुळे दुपारी पाइपला हात लावता येतो असं तुमचे वेल्डर लोक म्हणतात. मेसचा मल्याळी आचारी गेला. नवा हैदराबादचा आहे, तो वरणातसुद्धा चिंच घालतो. तुमच्या खाटेवर आता शौकत ड्रायव्हर झोपतो. मिरजेचा आहे, माणूस सज्जन, पण घोरतो. तुमच्या लॉकरमध्ये एक बनियन आणि खोबरेल तेलाची बाटली राहिली होती, ती मी माझ्याकडे ठेवली आहे. कुणी तिकडे येणारा भेटला की पाठवतो.

आता मुद्द्याचं. रिबेट अजून आलेला नाही. आठ आठवडे केव्हाच उलटले, सतरावा चालू आहे. मी हात बांधून बसलेलो नाही. टू-इन-वन रेडिओ-टेपच्या कंपनीला रजिस्टर पत्र पाठवलं. त्याचा मसुदा थोडक्यात तुम्हालाही कळवतो, म्हणजे तुमच्याकडे काही विचारणा झालीच तर उत्तर एकच राहील. १३ जुलैला आपण (म्हणजे तुम्ही) खोबरच्या दुकानातून टू-इन-वन घेतला. खोक्यावर छापलं होतं, की मॉडेल नंबरचा तुकडा कापून, कुपन भरून, मूळ पावतीसह रियाधच्या पोस्ट बॉक्सवर पाठवा, ऐंशी रियालचा चेक आठ आठवड्यांत घरपोच येईल. त्याप्रमाणे आपण पाठवलं. चेक आला नाही. मी पत्रात स्पष्ट लिहिलं आहे की चेकचं राहू द्या, पण निदान मूळ पावती तरी परत करा.

कारण सगळं घोडं त्या पावतीशी अडलंय. इंजिनिअरसाहेबांच्या केबिनमधून टू-इन-वन चोरीला जावा आणि तो नेमका तुमच्याच मॉडेलचा असावा, हे दुर्दैव. झडतीत चौघांकडे तेच मॉडेल निघालं. तिघांनी पावत्या दाखवल्या आणि सुटले. तुमची पावती रियाधला. ‘ऐंशी रियालसाठी पावती पोस्टात टाकली’ हे कॅम्प बॉसला पटलं नाही, यात नवल नाही. पण पावती आली की त्याला मानावंच लागेल. चोरीचा शिक्का पुसला की एजंट तुम्हाला दुसऱ्या कंपनीत पाठवू शकेल. तुम्ही धीर सोडू नका.

त्या दिवशी ऑफिसात जे बोलणं झालं त्याविषयी सवडीने लिहीन. घाईगर्दी होती, कोण काय बोललं ते नीट आठवतही नाही.

पत्राचं उत्तर जरूर पाठवावं. वाट बघतो.

आपला,
हरीश



रास तनुरा,
शुक्रवार, १६ फेब्रुवारी १९७९

प्रिय धोंडीभाऊ,

सप्रेम नमस्कार. नोव्हेंबरचं पत्र मिळालं असेल. तुमचं उत्तर नाही. टपाल इकडे महिना महिना लोळतं, तसंच काही झालं असेल असं मी शौकतला सांगतो.

कंपनीचंही उत्तर नाही. दोन रजिस्टर पत्रं, एक तार. शेवटी म्हटलं, घरबसल्या होणार नाही, पायपीट करायला हवी.

आधी खोबरला गेलो. दुकान जुन्या जागेवर नाही, दोन गल्ल्या पलीकडे गेलं. दुकानदार तोच यमनी, पण आता बायफोकल चष्मा लावतो. मी म्हटलं, गेल्या जुलैची पावती हवी, कार्बन कॉपी असेल ना. तो म्हणाला, जागा बदलताना जुनी पावतीपुस्तकं फेकून दिली. मग माझ्याकडे चष्म्यातून नीट बघितलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, “तुम को मालूम. तुम और वो बडा मूँछवाला. वो पैसा नहीं देता था, तुम बोला, लेलो लेलो, अस्सी रियाल वापस आएगा.”

धोंडीभाऊ, माणसाची स्मरणशक्ती बघा. सहा महिन्यांनी त्याला आठवलं.

मी लगेच म्हटलं, हेच मला कागदावर लिहून दे. त्याने कागद घेतलासुद्धा. मग विचारलं, कशासाठी? मी खरं ते सांगितलं, की चोरीचा आळ आहे, कॅम्प बॉसला दाखवायचंय. चोरी म्हटल्यावर त्याने पेनाला टोपण लावलं. “खलास, खलास,” म्हणत मला दारापर्यंत सोडायला आला.

मग रियाध. आपल्या जामीनदार कफीलकडून प्रवासाची चिठ्ठी मिळवायला तीन आठवडे गेले. दम्मामहून आगगाडीने गेलो. खिडकीबाहेर वाळूशिवाय काही नाही. पोस्ट बॉक्सवरून पत्ता काढत काढत अल सुलैला पोचलो. तो सगळा गोदामांचाच भाग आहे. कंपनीचं ऑफिस वगैरे काही नव्हतंच, पत्र्याचं एक गोदाम आणि पुढे टेबल टाकून बसलेला इसहाक नावाचा भोपाळचा कारकून. चांगला माणूस. चहा दिला. मी टिपून ठेवलेला कुपनाचा नंबर दाखवला, तर तो बघायलाही तयार नाही. म्हणाला, “किसी का नहीं आया, साहब.”

त्याने सांगितलं ते असं. स्कीम गेल्या उन्हाळ्यातच गुंडाळली. पण खोक्यांवर छापलेलं तसंच राहिलं, त्यामुळे पाकिटं येत राहिली. पाकिटं उघडायची कुणी, हे कुणालाच नेमून दिलेलं नव्हतं. ती पोत्यांत भरून मागच्या भिंतीशी रचली. डिसेंबरात फ्रिजचा मोठा माल आला, जागा हवी होती, तेव्हा पोती मागच्या यार्डात नेऊन जाळली. मी त्याला विचारलं, एकही राहिलं नाही का? मला मागे घेऊन गेला. तिथे तेलाचे काळे पडलेले दोन ड्रम होते, दुसरं काही नव्हतं.

मी तिथे बराच वेळ उभा होतो. इसहाकला वाटलं, ऐंशी रियालसाठी माणूस एवढा का खचला. आपल्या खिशातून दहाची नोट काढून माझ्या हातात कोंबायला लागला. मला त्याला खरं सांगता येईना.

म्हणजे पावती नाही. आता ती कधीच येणार नाही.

त्या यमन्याने मला ओळखल्यापासून मन थाऱ्यावर नाही. मागच्या पत्रात मी ‘म्हणजे तुम्ही’ असं कंसात लिहिलं होतं. ते चूक आहे. आपण दोघे गेलो होतो. टू-इन-वन घ्या म्हणून मीच मागे लागलो होतो. वहिनींना वाचता येत नाही म्हणून तुम्हाला कॅसेट भरून पाठवायची होती. तुम्ही साधा छोटा टेपरेकॉर्डर बघत होता. कुपन मी वाचलं, मी भरलं, पाकीट मी चिकटवलं. “काय रे मास्तर, फसवत नाय ना हे लोक?” असं तुम्ही विचारलंत, आणि मी हसलो.

पण माझीही बाजू समजून घ्या. तो गुरुवार होता. दुपारनंतर सहापर्यंत आपला दोघांचा ओव्हरटाइम होता, आणि सेलचा शेवटचा दिवस. टाइमशीट माझ्याच हातात. मी आपल्या दोघांपुढे सहा लिहिलं आणि आपण बसमध्ये बसलो. टाइमकीपरनेच खोटी टाइमशीट भरली हे उघड झालं असतं तर दोघेही गेलो असतो. माझा राहण्याचा परवाना, इकामा, झडतीच्याच महिन्यात रिन्यूला होता. एक जाण्याऐवजी दोघे जाऊन तुमचा काय फायदा झाला असता?

याचा विचार करावा, आणि दोन ओळी तरी पाठवाव्या. शिव्या असल्या तरी चालेल.

आपला,
हरीश



रास तनुरा,
शुक्रवार, २२ जून १९७९

धोंडीभाऊ,

नमस्कार.

पांडू रजेवरून परत आला. तो तुमच्या शेजारच्या गावचा, तुम्हाला भेटून आला असणार म्हणून मी त्याला बसमधून उतरताच गाठलं. तो टाळत होता. रात्री जेवताना बोलला.

तुम्ही वाण्याकडे जात नाही, मुलीला पाठवता असं तो म्हणाला. वरच्या रस्त्याने न जाता कातळावरून जाता. चिपळूणच्या वर्कशॉपमध्ये कामाला गेलात, तेव्हा मालक म्हणाला, तुमच्यासारखा वेल्डर मला मिळणार नाही, पण तुम्हाला ठेवलं तर मला रोज संध्याकाळी हत्यारं मोजावी लागतील. तुम्ही तसेच परत आलात. मुंबईच्या एजंटाने पासपोर्ट बघून तो टेबलावरून तसाच मागे सरकवला.

आणि वहिनींनी पांडूला विचारलं, “ते मास्तर यांच्यासोबत दुकानात होते ना? मग सायबापुढं बोलले का नाय?” तेव्हा तुम्ही आतून म्हणालात, “तो तिथं नव्हताच. त्याला बोलावलंच नाय कुणी.”

पांडूला वाटलं, हे असंच असेल. म्हणून त्याने मला सहज सांगितलं. सांगून तो हात धुवायला गेला आणि मी ताटावर तसाच बसून राहिलो.

मागच्या पत्रात मी माझी बाजू लिहिली. ती फाडून टाका. खरं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी मी माझ्या हाताने लिहितो.

मला बोलावलं होतं. तुम्ही टेबलाच्या या बाजूला उभे होता, टोपी हातात. कॅम्प बॉसने विचारलं, कधी घेतला? तुम्ही तारीख सांगितली, दुपारी घेतला म्हणालात. त्याने टाइमशीट काढली आणि मला विचारलं, “हा माणूस त्या गुरुवारी सहापर्यंत साइटवर होता, असं तू लिहिलंयस. बरोबर?” तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. आता हा बोलेल, अशा भरवशाने बघितलंत. मी म्हणालो, “शीटवर आहे ते बरोबर आहे, सर.”

त्यानंतरही तुम्हाला एक वाक्य बोलता आलं असतं. टाइमशीट यानेच खोटी भरली, एवढंच. तुम्ही खाली बघितलंत आणि गप्प राहिलात. मी तुम्हाला खोटं पाडलं होतं, तरी तुम्ही मला धरून दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हाला विमानात बसवलं. मी निरोप द्यायलाही आलो नाही, ऑफिसात काम आहे म्हणून सांगितलं. काम नव्हतं.

पांडू बोलला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅम्प बॉसकडे गेलो. बॅग भरून ठेवली होती, शौकतला सांगितलं होतं, परत आलो नाही तर सामान पाठव. आत जाऊन सगळं सांगितलं. दुकान, कुपन, टाइमशीट, सगळं.

त्याने पूर्ण ऐकलं. मग फाइल काढली, कॅलेंडर बघितलं, कागदावर काहीतरी आकडा लिहिला.

“दोन माणसांचा अर्ध्या दिवसाचा ओव्हरटाइम,” तो म्हणाला. “दुसरा तर निघून गेला. दोघांचा तुझ्या पगारातून कापतो.”

मी विचारलं, “आणि?”

“आणि काय? पुन्हा असं करू नकोस.”

मी तिथेच उभा राहिलो. तो म्हणाला, “त्या दिवशीच सांगितलं असतंस, तर त्या दिवशीच कापला असता.”

धोंडीभाऊ, एवढंच होतं ते. अर्ध्या दिवसाचा ओव्हरटाइम. एवढ्याची मला भीती वाटत होती.

मी म्हटलं, मग त्या माणसाने चोरी केली नव्हती असं लिहून द्या, मी त्याच्या एजंटाला पाठवतो. तो म्हणाला, त्याच्या फाइलवर चोरी असं लिहिलेलंच नाही, फायनल एक्झिट, म्हणजे कायमचा परत, एवढंच आहे, लोक काय समजतात त्याला मी काय करू. फाइल कफीलकडे गेली. कफीलकडे गेलो. त्याच्या माणसाने मला दोन वेळा उन्हात बसवलं आणि तिसऱ्या वेळी म्हणाला, गेलेल्या माणसाची फाइल कुणी उघडत नाही. एजंटाला मी स्वतः लिहिलं. उत्तर नाही. येईल असं मला वाटतही नाही.

सोबत एक कागद आहे. जे झालं ते त्यात मराठीत आणि इंग्रजीत लिहून मी सही केली आहे, साक्षीदार म्हणून शौकतची सही आहे. त्याला कुणाचा शिक्का नाही. कोर्टात तो टिकणार नाही आणि एजंट तो वाचणार नाही. वर्कशॉपच्या मालकाला दाखवलात तर तो म्हणेल, मित्रानेच लिहून दिलाय. मला सगळं कळतं. तरी पाठवतो आहे. माझ्याकडे दुसरा कागदच नाही.

ऑक्टोबरात माझं कॉन्ट्रॅक्ट संपतं. मी गुहागरला येईन. तुम्ही घरात घेतलं नाही तरी वाण्याच्या दुकानापुढे चार माणसांत सांगेन. त्याने तुमचं गेलेलं वर्ष परत येणार नाही आणि लोकही लगेच मानतील असं नाही. तुम्ही माझं तोंड बघू नका.

माफी मागत नाही. ती मागायची तर तुम्ही द्यायला हवी, आणि तुमचा स्वभाव मला माहीत आहे, तुम्ही देऊन टाकाल. ते मला नको.

एकच करा. वहिनींना तुम्ही माझ्यासाठी खोटं सांगितलंत. ते तेवढं मोडा. त्यांना सांगा, हरीश तिथे होता. दुकानातही होता आणि ऑफिसातही होता.

लोभ असावा, असं लिहिण्याची सोय मी उरू दिलेली नाही.

हरीश