नातीच्या वह्यांबाबत विहीणबाईंना खुलासा

आदरणीय विहीणबाई यांना सविनय नमस्कार.

शुक्रवारी नातीला घेऊन पोचते असं मी कळवलं होतं. मी पोचणार नाही. त्याचं कारण फोनवर सांगता येण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. इथे बैठकीची खोली, स्वयंपाकघर, निजायची खोली आणि शाळा हे सगळं मिळून चौदा फूट लांबीच्या गाडीत आहे. मी फोन कानाला लावला की चार माणसं हातातलं काम थांबवून ऐकत बसतात, आणि ठेवला की पाच वर्षांचा नातू विचारतो, "आजी, तू 'बघू' म्हणालीस, ते हो की नाही?" लिहायला बसले की मात्र सगळे लांब सरकतात. (चौदा फुटांत सरकून सरकून सरकणार किती, पण प्रयत्न करतात.)

तुमचा गुडघा कसा आहे? व्यायाम चालू आहे, की व्यायामाचा कागद नुसता फ्रीजवर चिकटवला आहे? व्याह्यांचा खोकला गेला असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा. गेला नसेल तर आधी डॉक्टरकडे पाठवा आणि मग सांगा. माझी तब्येत उत्तम. कपाळावर एक टेंगूळ आहे, कारण वरच्या कपाटाचं दार आणि मी यांच्यात अजून समझोता झालेला नाही.

आपलं काय ठरलं होतं ते एकदा मांडते, म्हणजे पुढे वाद नको. तुमचे चिरंजीव, म्हणजे माझे जावई, गावोगावचे वजनकाटे तपासत फिरतात. दूध संकलन केंद्र, धान्याची दुकानं, बाळांची वजनं घेणारे दवाखाने, सगळीकडे. त्यांच्याकडे पितळी वजनांची एक लाकडी पेटी आहे, आतून मखमल लावलेली. (मखमलीत वजनं आणि बाकड्यावर मुलं, हे माझं मत मी पहिल्याच दिवशी बोलून दाखवलं. जावई म्हणाले, "आई, वजनांना ओरखडा गेला की ती खोटी होतात." मुलांचं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही.) माझी मुलगी घडीच्या टेबलावर शाळेच्या पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या मुलांच्या पुस्तकातली प्रत्येक चूक शोधणारी बाई स्वतःच्या मुलांना शाळेत घालत नाही, याला काय म्हणावं? तेव्हा आठ वर्षांच्या नातीने तुमच्याकडे राहून तुमच्या गल्लीतल्या शाळेत जावं, शिस्त लागावी, हे आपण दोघींनी ठरवलं. तुम्ही जागा धरून ठेवायची आणि मी इथे येऊन, सगळं पाहून, मुलीच्या गळी उतरवून पोरीला घेऊन यायचं. माझ्या वाट्याचं काम मी मन लावून सुरू केलं होतं, हे कृपया लक्षात घ्या.

मुलांना घरी, म्हणजे गाडीत, शिकवायचं तर दर सहा महिन्यांनी शिक्षण कार्यालयात नोंदवही दाखवून परवानगी वाढवून घ्यावी लागते. ती तारीख मी आल्यावर तीन आठवड्यांनी होती. मी नोंदवही पाहायला मागितली. चार वह्या निघाल्या. एकीवर वंगणाचा अंगठा, दुसरीवर चहाच्या कपाची तीन वर्तुळं. (त्या वर्तुळांचे व्यासही मोजून आत लिहिले होते.) विषय नाही, तास नाही, समास नाही. विहीणबाई, मी एकतीस वर्षं नगरपालिकेच्या अभिलेख कक्षात काढली. माझ्या हाताखालून चुकीच्या क्रमांकाचा कागद कधी गेला नाही. असली वही कार्यालयात दाखवायची म्हणजे दोन्ही घराण्यांची शोभा. मी बाजारातून जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि अकरा दिवस बसून सहा महिन्यांचा अभ्यास नव्याने लिहून काढला. तारीख, वार, विषय, घटक, वेळ. जिथे 'चाक बदललं' होतं तिथे 'यंत्रांची ओळख, दोन तास'. जिथे काहीच नव्हतं तिथे 'पाण्याचं चक्र, आकृतीसह', कारण रकाना रिकामा सोडायची मला सवय नाही. मुलगी म्हणाली, "आई, तुला बरं वाटत असेल तर लिही." तिला छपाईची घाई होती. जावई माझ्यापुढे बोलत नाहीत. तुम्ही त्यांना हे वळण चांगलं लावलं आहे.

कार्यालयातल्या अधिकारी बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझी वही उघडली, चार पानं पाहिली आणि नातीला विचारलं, "पाण्याचं चक्र सांगशील?" नात म्हणाली, "ते झालं नाही. ते आजीने लिहिलं." बाईंनी दोन पानं पुढे उलटली. "आणि हे?" "तेही आजीने लिहिलं." मध्ये धाकटा उभा राहिला आणि अभिमानाने म्हणाला, "सगळंच आजीने लिहिलं! अकरा दिवस! आम्हाला बोलायची पण बंदी होती." बाईंनी वही मिटली. मुलांच्या मूळ वह्या गाडीत आहेत, असं मुलीने सांगून टाकलं. मूळ वह्या आठवड्याच्या आत दाखवा, नाहीतर मोठीला महिनाअखेर शाळेत दाखल करा, असं त्यांनी सांगितलं. धाकट्याला अजून एक वर्ष सवलत आहे.

गाडीत आल्यावर मुलगी म्हणाली, "वह्या कुठेयत गं आई? परवा मागच्या मुक्कामावर तू रद्दी दिलीस, त्यात गेल्या की काय?" मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. वह्या माझ्या बॅगेत तळाशी, कपड्यांखाली होत्या. मी आयुष्यात कागद टाकलेला नाही, चार वह्या कशी टाकेन? पण विहीणबाई, विचार करा. आपल्याला जे हवं होतं ते सरकारी शिक्क्यानिशी समोर आलं होतं. कोणाला पटवायचं नाही, भांडायचं नाही, मला फक्त गप्प बसायचं होतं. मी दोन दिवस गप्प बसले. (दोन दिवस मी गप्प आहे हे कोणाच्या कसं लक्षात आलं नाही, याचंही मला थोडं वाईट वाटलं. त्यांना वाटलं, मी खजील झाले आहे.)

त्या दोन दिवसांत मुलीने एकच पातेलं तीनदा घासलं. जावई गाडी थांबवून रस्त्याकडेला उगाच चाकं बघत उभे राहिले. नातीने मला एवढंच विचारलं, "शाळा सुटली की रोज झोपायला इथे यायचं ना?" मी म्हटलं, गाडी रोज वेगळ्या गावी असते, कसं येशील? तिने त्यावर विचार केला आणि "मग नाही जमणार" असं सांगून बाहेर गेली, जणू तिला कोणी विचारलंच होतं. धाकट्याची अडचण वेगळी. वजनं काट्यावर तो ठेवतो आणि आकडा ती लिहिते. "ती गेली तर मी वजनं ठेवून काय करू? नुसतं बघत बसू?"

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे दूध केंद्रावर काटा तपासायला गेले आणि मी वह्या काढल्या. पाठ्यपुस्तकात शोभेल असं त्यात काही नाही, हे आधीच सांगते. एका पानावर: 'पाच नट होते, एक गटारात गेला. चार नटांवर गाडी चालेल का? बाबा म्हणाले, चालवायची नाही. का ते उद्या.' दुसऱ्या दिवशी खरोखरच का ते लिहिलं होतं, चाकाच्या चित्रासकट, आणि जावयांच्या उत्तरातली एक चूक नातीने खोडून दुरुस्त केली होती. एका दुकानदाराच्या काट्यातली खोट शोधायला तिने सतरा वेळा तीच वजनं ठेवून सतरा आकडे लिहिले होते. सतरा वेळा! मी लावलेल्या कारकुनांपैकी कोणी तिसऱ्यांदा मोजलं असतं तर मी त्याला बढती दिली असती. आणि शेवटच्या वहीत, मी आले त्या तारखेला: 'आजी बॅग घेऊन ७१ किलो. आजी नुसती ५४ किलो २०० ग्रॅम. बॅग १६ किलो ८०० ग्रॅम. बॅगेत काय आहे ते आजी सांगत नाही.'

मी चष्मा पुसला. वजाबाकी बरोबर होती.

कक्षातल्या एखाद्या कारकुनाने मूळ कागद दडवून नक्कल पुढे केली असती तर मी त्याचं काय केलं असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकाचं केलंही होतं. त्याच दुपारी बस धरून मी एकटी कार्यालयात गेले आणि चारही वह्या टेबलावर ठेवल्या. बाईंनी विचारलं, "सापडल्या? कुठे होत्या?" मी म्हटलं, माझ्या कपड्यांखाली. "मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?" नात न्यायची होती, म्हणून. त्यांनी पहिली वही उघडली. पाऊण तास वह्या वाचत होत्या. माझ्या वजनाचं पान आलं तेव्हा माझ्याकडे एकदा नजर टाकून त्यांनी ते वाचलं. मग सहा महिन्यांची परवानगी लिहिली आणि खाली एक अट घातली: 'नोंदवही मुलांनी व पालकांनीच लिहावी. आजींनी लिहू नये.' सरकारी कागदावर, विहीणबाई. एकतीस वर्षांनंतर.

शाळेची जागा आता दुसऱ्या कोणाला द्यावी. तुम्हाला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. नातीसाठी तुम्ही खिडकीजवळची खोली रंगवून घेतली, तेही ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात गाडी तुमच्या भागात येते आहे, तेव्हा दोघांनाही आठ दिवस ठेवून घ्या. मुलीशी मी बोलले आहे. धाकट्याला टेबलाचे कोपरे मोजू द्या आणि रागावू नका.

तुमची,
विहीण

ता.क. मी गाडीत परतले तेव्हा सगळ्यांनी समजून घेतलं की मी मागच्या मुक्कामावर जाऊन रद्दीवाल्याकडून वह्या सोडवून आणल्या. मी तसं म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. जावयांनी स्वतः चहा करून दिला आणि पुढची सीट माझी झाली. तेव्हा वरचं सगळं तुमच्यापाशीच राहावं, ही या पत्राची खरी विनंती. विशेषतः तुमच्या चिरंजिवांपाशी बोलू नये.

ता.क. २. 'मुलगी तयार होत नसेल तर काहीतरी युक्ती करा, मी आहे' अशा अर्थाचं तुम्ही मला तीनदा लिहिलं होतं. ते अर्थातच मी जपून ठेवलं होतं. गैरसमज नको म्हणून परत करते आहे.

टपाल कचेरीच्या खिडकीत आज सकाळी, बंद पाकिटातून सुपूर्द:
१. शाळेचा प्रवेश अर्ज, कोरा. नग एक.
२. आपली पत्रं, मूळ. नग तीन. प्रती ठेवलेल्या नाहीत.
३. हे पत्र. वाचून झाल्यावर फाडावं. मला ते जमत नाही, तुम्हाला जमेल.